वेठीचे नाव यंत्राला देणारा लेखक : कारेल चापेक

‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजतेने करतो की, त्यातली वेठ म्हणजे नेमके काय, हे घरातल्या लहान मुलाने विचारले तरच आपण क्षणभर थांबतो. पैनगंगेच्या अलीकडे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मराठी माणूस जिला वेठ म्हणत असे तिलाच त्याचा तेलुगू शेजारी वेट्टी म्हणे. संस्कृतातील ‘विष्टि’ ह्या शब्दापर्यंत ह्या दोन्ही शब्दांचे कुळ नेता येते. अंमलदाराचा मुक्काम गावात पडला की लाकूडफाटा, चारा आणि दूध बिनमोल पोचवायचे, त्याचे ओझे डोक्यावर घेऊन पुढल्या गावापर्यंत चालायचे, देशमुखाच्या शेतातले काम उरकल्यावाचून स्वतःच्या शेताकडे वळायचे नाही, आणि ह्या कशाचीही मजुरी मागायची नाही, अशी ती रीत होती. निजामाच्या राज्यातली ही रीत आज उरलेली नाही. परंतु तिचे एक युरोपीय भावंड मात्र आज जगातल्या प्रत्येक भाषेत सुखाने नांदत आहे. त्याचे नाव ‘रोबोट’.

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, कुळांनी जमीनदाराकडे करावयाच्या सक्तीच्या कामाला ‘रोबोटा’ म्हणत असत. आठवड्यातले ठराविक दिवस स्वतःचा बैल, स्वतःचा नांगर आणि स्वतःचे अंग घेऊन मालकाच्या शेतावर राबावयाचे, ही ती पद्धत. तिच्यापायी १७७५ साली तेथे शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले, आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून ती कायमची गेली ती १८४८ च्या क्रांतीनंतर. ह्या मेलेल्या वेठीचे नाव यंत्रयुगातल्या माणसासारख्या यंत्राला ज्याने दिले, आणि ज्याच्या कल्पनेतून कृत्रिम बुद्धीवरील कादंबऱ्यांचा व नाटकांचा एक अखंड प्रवाह निघाला, त्या कारेल चापेक यांचे जीवन आज आपल्या वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी ईशान्य बोहेमियातील माले स्वातोन्योवित्से ह्या लहानशा गावी झाला. वडील आंतोनिन हे वैद्यकीचा व्यवसाय करीत. आई बोझेना हिला लोककथा आणि लोकगीते गोळा करण्याचा छंद होता. वडील बहीण हेलेना, मधला भाऊ योसेफ आणि धाकटा कारेल, अशी ही तीन भावंडे. कारेलच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत कुटुंब जवळच्या उपित्से गावी राहावयास गेले. तो सारा मुलूख कापडगिरण्यांचा होता. डॉक्टरांच्या घरी येणारे रोगी बहुधा गिरणीतले कामगार असत. आदिलाबादच्या बाजूला कापसाच्या हंगामात सरकी काढण्याचे जिन रात्रंदिवस कसे चालतात आणि त्यांना कापूस पुरविणाऱ्या माणसांच्या अंगावर कशी पांढरी कीस चढते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या मुलाच्या डोळ्यांपुढचे दृश्य वेगळे सांगावयास नको. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर घरी परतणारी माणसे कारेलने बाळपणापासून पाहिली होती.

शाळेत तो हुशार होता, पण सरळ मार्गाने चालणारा नव्हता. ह्रादेत्स क्रालोवे येथे शिकत असताना विद्यार्थ्यांच्या एका गुप्त मंडळात तो सामील असल्याचे उघडकीस आले आणि १९०५ साली त्याला ती शाळा सोडावी लागली. मग ब्रनो येथे, विवाहित बहिणीच्या आश्रयाने, आणि पुढे प्राग येथे त्याचे शिक्षण झाले. प्रागच्या विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञान घेतले. बर्लिन आणि पॅरिस येथेही काही काळ अध्ययन केले. आणि १९१५ साली सौंदर्यशास्त्रावरील प्रबंधाला डॉक्टरेट मिळविली. ह्याच काळात त्याला पाठीच्या कण्याचा दुर्धर विकार जडला. मान आणि पाठ आखडत जाऊन पुढे काठी घेऊनच चालावे लागले. ह्या दुखण्यामुळे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावे लागले नाही. त्याच्या पिढीतले कितीतरी तरुण खंदकात मेले. हा मागे राहिला, आणि जन्मभर वेदना सोसत लिहीत राहिला. वेदनेविषयी त्याने पुढे जे लिहिले ते पुस्तकी नव्हते, ते ह्यामुळे.

थोरला भाऊ योसेफ हा चित्रकार. दोघे भाऊ प्रारंभी एकत्रच लिहीत. १९०८ साली, म्हणजे कारेल अवघा अठरा वर्षांचा असताना, दोघांनी मिळून एक छोटी कथा लिहिली होती. तीत एक कारखानदार आपल्या कामगारांच्या मनातून सौंदर्य, प्रेम आणि स्वप्ने ही सारी काढून टाकतो, कारण त्यांच्यामुळे कामात व्यत्यय येतो. एके दिवशी एका कामगाराच्या ठायी ही झोपी गेलेली जाणीव जागी होते आणि कारखाना बेचिराख होतो. रोबोटचे बीज ते हेच. पुढे एकदा चापेक यांनी सांगितले की, प्रागकडे येणाऱ्या गर्दीच्या ट्रॅममध्ये पायरीपर्यंत लोंबकळणारी माणसे पाहून त्यांना ही कल्पना पुन्हा सुचली. ती माणसे त्यांना मेंढरांसारखी नव्हे, यंत्रांसारखी कोंबलेली वाटली.

१९१८ साली चेकोस्लोवाकिया स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांनी चापेक यांनी ते नाटक लिहावयास घेतले. कृत्रिम कामकऱ्याला नाव काय द्यावे, हे त्यांना सुचेना. लॅटिनवरून एक शब्द त्यांनी बनविला होता, पण तो फार पंडिती वाटला. ते योसेफकडे गेले. योसेफ त्या वेळी चित्र काढीत उभा होता आणि तोंडात कुंचला धरलेला होता. त्याने कुंचला न काढताच पुटपुटून एक शब्द सुचविला : रोबोट. जगाने आपल्याला ज्याचे जनक मानले, तो शब्द आपला नसून भावाचा आहे, हे चापेक यांनी १९३३ साली वर्तमानपत्रात आपण होऊन जाहीर केले. मोठेपणाची ही एक खूण होय.

त्या नाटकाचे नाव ‘आर. यू. आर.’, म्हणजे रॉसमचे सार्वत्रिक रोबोट. त्यातील रॉसम हे आडनावही हेतुपूर्वक घेतलेले आहे. चेक भाषेत ‘रोझुम’ म्हणजे बुद्धी. तेव्हा नाटकाच्या नावातच बुद्धी आणि वेठ ही दोन्ही शेजारी बसविली आहेत. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, तिचे सारे कोडे ह्या दोन शब्दांत आले.

कथा थोडक्यात अशी. एका बेटावरील कारखान्यात माणसासारखे जीव तयार होतात. ते लोखंडाचे नाहीत. रसायनांतून बनविलेल्या मांसाचेच आहेत. म्हाताऱ्या रॉसमला देवाची गरज नाही हे सिद्ध करावयाचे होते. त्याच्या व्यवहारी वारसाला स्वस्त कामकरी हवे होते. कामाला ज्याचा उपयोग नाही ते सारे, म्हणजे आनंद, संगीत, फिरावयास जाण्याची इच्छा, त्याने ह्या जीवांतून वगळले. पुढे त्यांना दुःखाची जाणीव देण्यात आली, तीही दयेने नव्हे, तर ते स्वतःचे अवयव मोडून घेतात व कारखान्याचे नुकसान होते म्हणून. कारखान्याचा व्यवस्थापक दुष्ट नाही. गरिबी जावी, कोणाही माणसाला पोटासाठी राबावे लागू नये, अशी त्याची मनापासूनची इच्छा आहे. परंतु होते काय, तर राबण्याचे थांबलेली माणसे हळूहळू सगळेच थांबवितात. पृथ्वीवर मुले जन्माला येईनाशी होतात. राजेलोक रोबोटांच्या हाती बंदुका देतात. शेवटी रोबोट उठतात आणि माणसांची कत्तल करतात. एका वृद्ध बांधकामप्रमुखाला तेवढे ते जिवंत ठेवतात, कारण तो आपल्यासारखाच हाताने काम करतो, असे त्यांना दिसते.

२५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात ह्या नाटकाचा मोठा प्रयोग झाला. १९२२ साली ते न्यूयॉर्कला पोचले, १९२३ साली लंडनला. तेथे त्यावर झालेल्या जाहीर चर्चेत बर्नार्ड शॉ आणि चेस्टर्टन यांच्यासारखे लोक बोलावयास उभे राहिले. नाटक जगभर गाजले आणि शब्द त्याहून पुढे धावला. धावताना मात्र तो बदलला. लोकांनी रोबोट म्हणजे पत्र्याचा, खडखडणारा पुतळा असे ठरविले. ह्याचा चापेक यांना मनस्वी त्रास होई. १९३५ साली त्यांनी वर्तमानपत्रातून ह्या गैरसमजाचा निषेधही केला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, तारा आणि चाके ह्यांत आत्मा उगवेल असे आपण म्हटलेले नाही. वास्तविक त्यांना यंत्राविषयी सांगावयाचे नव्हतेच. दुसऱ्याचे श्रम फुकट मिळावेत ह्या माणसाच्या इच्छेविषयी सांगावयाचे होते.

चापेक यांचा रोजचा व्यवसाय वृत्तपत्राचा. १९२१ पासून मृत्यूपर्यंत ते ‘लिदोवे नोविनी’ ह्या दैनिकात होते. त्यांच्या पुष्कळशा कादंबऱ्या, प्रवासवर्णने आणि छोट्या कथा प्रथम दैनिकाच्या रकान्यांतूनच लोकांनी वाचल्या. कुत्र्याच्या पिल्लावर, बागेतल्या मातीवर, शेजाऱ्यांच्या भांडणावर त्यांनी तितक्याच मनापासून लिहिले. १९२५ च्या सुमारास दोघा भावांनी प्रागच्या विनोह्रादी भागात जोडघर बांधले. दर शुक्रवारी तेथे लेखक, पत्रकार, प्राध्यापक जमत आणि देशाचे अध्यक्ष मासारिक हेही त्या बैठकीला येऊन बसत. मासारिकांशी झालेल्या संवादांचे चापेक यांनी केलेले ग्रंथ चेक लोकांच्या घरी आजही आदराने ठेवलेले आढळतात. सत्ताधीशाचा एवढा निकटचा स्नेह असूनही त्यांनी लेखणी कोणाच्या पायाशी ठेवली नाही. आपण साम्यवादी का नाही, हे त्यांनी १९२४ साली स्पष्ट लिहिले. पुढे नाझींविरुद्धही तितकेच स्पष्ट लिहिले. एका विचाराच्या सोयीसाठी जिवंत माणसाला राबवावे, हे त्यांना दोन्हीकडे दिसत होते.

१९२२ साली त्यांची अणूतून फुकट शक्ती काढणाऱ्या यंत्राची कादंबरी आली. १९२४ साली साऱ्या जगाचा विध्वंस करू शकणाऱ्या स्फोटकाची, ‘क्राकातित’, आली. हिरोशिमा त्यानंतर एकवीस वर्षांनी. परंतु रोबोटचा विषय त्यांनी खऱ्या अर्थाने पुरा केला तो १९३६ च्या ‘सॅलमँडरांशी युद्ध’ ह्या कादंबरीत. सुमात्राजवळच्या एका बेटाच्या खाडीत एका दर्यावर्दी कप्तानाला पाण्यात राहणारे, दोन पायांवर चालणारे बुद्धिमान प्राणी सापडतात. प्रथम तो त्यांच्याकडून मोती काढून घेतो आणि बदल्यात शार्क माशांशी लढावयास सुऱ्या देतो. मग कंपन्या येतात, बाजार भरतो, प्राण्यांचे प्रतवारीनुसार भाव निघतात. ते बोलावयास शिकतात, वर्तमानपत्रे वाचतात. विद्वान त्यांच्यावर प्रबंध लिहितात. प्रत्येक राष्ट्र आपापल्या सॅलमँडरांना शस्त्रे पुरविते. सरतेशेवटी त्यांची संख्या इतकी वाढते की त्यांना किनारे पुरेनासे होतात, आणि ते भूमीच पोखरून समुद्रात ढकलू लागतात. माणसे तेव्हाही त्यांना सुरुंगाची दारू विकतच असतात, कारण तो धंदा बुडविणे कोणालाच परवडत नाही.

ह्या कादंबरीत पोव्होंद्रा नावाचा एक दारवान आहे. एका धनिकाच्या घरी तो नोकर असतो आणि सुरुवातीला त्या कप्तानाला मालकापर्यंत सोडण्याचे काम त्याने केलेले असते. बक्षिशीच्या आशेने त्याने एक दार उघडले, एवढेच. म्हातारपणी, सॅलमँडर बोहेमियाच्या नदीपर्यंत येऊन पोचल्यावर, त्याला वाटू लागते की हे सारे आपल्यामुळे झाले. मुलगा समजूत घालतो की कारखाने, राष्ट्रे, सगळ्यांनीच हे केले. म्हातारा ऐकत नाही. कृत्रिम बुद्धीवर पुढे शेकडो कादंबऱ्या झाल्या. त्यांतून भयानक यंत्रे पुष्कळ आली, पण ह्या दारवानासारखा माणूस क्वचितच आला.

जर्मनीची छाया जसजशी जवळ येत गेली तसतसे चापेक यांचे लेखन अधिक उघड झाले. १९३७ साली ‘पांढरा रोग’ आणि १९३८ साली ‘आई’ ही युद्धावरील नाटके रंगभूमीवर आली. १९३५ साली त्यांनी अभिनेत्री ओल्गा शाइनफ्लुगोव्हा हिच्याशी विवाह केला होता. दोब्रीश गावाजवळच्या एका जुन्या घरात ते उन्हाळा काढीत. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकच्या करारावर सह्या झाल्या आणि मित्रराष्ट्रांनी चेकोस्लोवाकियाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकला. देशाचा संताप कोठेतरी निघावयास हवा होता. तो ह्या आजारी लेखकावर निघाला. निनावी पत्रे आली, वर्तमानपत्रांतून शिव्या आल्या. मित्रांनी देश सोडून जावयास सांगितले. ते गेले नाहीत. त्या हिवाळ्यात फुप्फुसाचा दाह होऊन २५ डिसेंबर १९३८ रोजी, नाताळच्या दिवशी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रागच्या व्हिशेह्राद स्मशानात त्यांचे दफन आहे.

तीन महिन्यांनी, मार्च १९३९ मध्ये, नाझी सैन्य प्रागमध्ये शिरले. चापेक यांना पकडण्यासाठी गुप्त पोलीस त्यांच्या दारी आले, तेव्हा ते केव्हाच गेल्याचे त्यांना पत्नीकडून कळले. शब्द देणारा भाऊ मात्र त्यांच्या हाती लागला. योसेफला १ सप्टेंबर १९३९ रोजी अटक झाली. एका छळछावणीतून दुसऱ्या छावणीत असे त्याचे साडेपाच वर्षांचे फिरणे झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये, सुटका दारात येऊन ठेपली असताना, बेर्गेन-बेल्सेन येथे त्याचा अंत झाला. ज्याने वेठीच्या शब्दाला नवा जन्म दिला तो वेठबिगारांच्या छावणीत मेला.

इकडे त्याच काळात आपल्या आदिलाबादेतही वेठीचा हिशेब चुकता होत होता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंड वीर कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. जंगल, जमीन आणि पाणी ह्यांवरचा हक्क हा त्याचा झगडा. त्यानंतर ह्या भागातील गोंडांची स्थिती पाहावयास क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ उटनूरजवळच्या मार्लवाई गावी येऊन राहिला. तो व्हिएन्नाचा, म्हणजे ज्या साम्राज्याच्या दप्तरांत जर्मन भाषेतही वेठीला ‘रोबोट’ असेच लिहीत, त्या राजधानीचा. गोंडांकडून अंमलदार कसे फुकट राबवून घेतात हे त्याने नमूद करून ठेवले आहे. पुढे तेलंगणाचा लढा झाला, १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि १९५० साली भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठ हा गुन्हा ठरला.

त्या व्यवस्थेत आपली काही जुनी घराणी वेठ देणाऱ्यांत नव्हती, घेणाऱ्यांत होती. वतनदारीच्या दिवसांच्या गोष्टी सांगताना आपण वाडा सांगतो, दिवाणखाना सांगतो. पाणी कोणी भरले ते सांगत नाही. चापेक वाचताना ही आठवण टाळता येत नाही आणि टाळूही नये. कारण वेठ घेणाऱ्याचे काय होते, हेच त्यांनी दाखविले आहे. घेणाऱ्याचे हात प्रथम निकामी होतात, मग बुद्धी; आणि ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही, त्यालाच तो हीन समजत राहतो.

चापेक यांच्यानंतर हा विषय फार वाढला. १९४२ साली अमेरिकेत आयझॅक असिमोव्ह यांनी यंत्रमानवासाठी तीन नियम कल्पिले. यंत्राने माणसाला इजा करू नये आणि त्याची आज्ञा पाळावी, असे. आपल्या मराठीत, चापेक वारले त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवू पाहणारा यंत्रमानव आणला. त्या वामनालाही प्रथम जे पाऊल ठेवू दिले ते माणसानेच. आता तर ही गोष्ट कादंबरीत राहिलेली नाही. पत्र लिहिणारे, चित्र काढणारे, भाषांतर करणारे, प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र नातवंडांच्या खिशात आहे. त्याला शिकविण्यासाठी अल्प मोबदल्यावर तासन् तास पडद्यापुढे बसून चित्रांना आणि वाक्यांना खुणा करणारी माणसेही आहेत. ती आपल्याला दिसत नाहीत, जशी वाड्यात पाणी भरणारी दिसत नव्हती.

ह्या यंत्राला उद्या आत्मा फुटेल काय, ह्याची चर्चा विद्वान करोत. चापेक यांचा प्रश्न साधा होता, आणि तो आदिलाबादच्या माणसाला दुसऱ्या कोणाहूनही लवकर कळावा असा होता. कष्ट ज्याचे, त्याला मोल मिळते की नाही. आणि ज्याचे कष्ट वाचले, तो वाचलेल्या वेळात माणूस म्हणून वाढतो की नुसता बसून राहतो? घरातल्या मुलाने वेठ म्हणजे काय असे विचारले, तर त्याला वाड्याचीही गोष्ट सांगावी, जोडेघाटचीही सांगावी, आणि प्रागच्या ह्या दोन भावांचीही.